दुधी काच, बाजरीचे दाणे आणि राजाचं फुप्फुस

एप्रिल २०२१. रात्री पावणेबाराला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. आत्याच्या छातीचा एचआरसीटी. ग्रुपवर बावीस माणसं, त्यात डॉक्टर एकही नाही. दोन मिनिटांत पहिला प्रश्न आला, ‘स्कोअर किती?’ कुणीतरी झूम करून शोधलं : ११/२५. एका चुलत भावाने लगेच चव्वेचाळीस टक्के असा हिशेब केला, ‘म्हणजे पास’ असं लिहिलं आणि पुढच्याच क्षणी ते डिलीट केलं. मग काकांचा मेसेज आला. त्यांनी रिपोर्टमधले दोनच शब्द उचलले होते. ‘ग्राउंड ग्लास म्हणतोय. छातीत काच कशी गेली?’

तेव्हा कुणी हसलं नाही. त्या महिन्यात घराघरांत हेच चाललं होतं. ऑक्सिजन कितीचा, बेड कुठे आणि स्कोअर किती. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच एचआरसीटीचे दर मशीनच्या प्रकारानुसार दोन ते तीन हजार रुपयांवर बांधून दिले होते, त्यामुळे हा रिपोर्ट आता मध्यमवर्गाच्या हाती सहज येत होता. रिपोर्ट आला, त्याची भाषा मात्र आली नाही. मे महिन्यात ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी विनाकारण सीटी काढू नका असं जाहीरपणे सांगितलं. एका सीटीत तीन-चारशे एक्स-रेंइतकं रेडिएशन असतं, या त्यांच्या वाक्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने आक्षेप घेतला, कारण नव्या मशीनवर हा आकडा पुष्कळ कमी असतो. हा वाद टीव्हीवर चालू असताना आम्ही काचेचा अर्थ गुगल करत होतो.

आधी स्कोअरचं सांगतो, कारण ते सोपं आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, एकूण पाच. प्रत्येक खंडाचा किती भाग आजाराने व्यापला आहे त्यावरून शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बस्स. तो फक्त व्याप्ती सांगतो. ऑक्सिजन किती आहे, आजाराचा कितवा दिवस आहे, वय काय, हे त्यात नाही. अकरा स्कोअरचा माणूस घरी बसून बरा होऊ शकतो आणि आठचा आयसीयूत जाऊ शकतो. ही परीक्षा नव्हतीच, पण पंचवीसपैकी मार्क म्हटल्यावर आपल्या डोक्यात दुसरं काय येणार?

काचेची गोष्ट मात्र लांबची आहे. ती सांगायला दोनशे साठ वर्षं मागे जावं लागतं, एक्स-रेच्याही खूप आधी. कारण छातीच्या रिपोर्टमधले कितीतरी शब्द एक्स-रेपेक्षा म्हातारे आहेत.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावात एका खानावळवाल्याचा मुलगा होता, लिओपोल्ड आउएनब्रुगर. पुढे तो व्हिएन्नात डॉक्टर झाला. वडील दारूच्या पिंपावर टिचक्या मारून आत किती माल उरला आहे ते ओळखत, आणि त्यावरून मुलाला माणसाची छाती वाजवून बघायची कल्पना सुचली, असं परंपरेने सांगतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपण माठ आणि कलिंगड वाजवूनच घेतो. हवा असेल तिथे पोकळ आवाज, पाणी भरलं असेल तिथे बद्द. १७६१ मध्ये त्याने या विषयावर छोटंसं लॅटिन पुस्तक काढलं. जवळपास अर्धं शतक कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिसार याने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे छाती वाजवणं ही पद्धत झाली.

पॅरिसमध्ये त्याच कोर्व्हिसारच्या हाताखाली शिकलेला रेने लेनेक १८१६ मध्ये नेकर हॉस्पिटलात एका तरुण बाईला तपासत होता. छातीला थेट कान लावणं संकोचाचं वाटलं म्हणून त्याने कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं. तोच स्टेथोस्कोप. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. लेनेकचं खरं काम त्याच्या पुढचं आहे. जिवंतपणी छातीत काय ऐकू आलं ते तो लिहून ठेवायचा, आणि पेशंट दगावला की शवविच्छेदन करून तिथे नेमकं काय आहे ते बघायचा. आवाज आणि आतला अवयव यांची जोडी लावायचा. १८१९ मध्ये त्याचा ग्रंथ आला आणि छातीच्या आजारांना एक नवा शब्दकोश मिळाला. म्हणजे ज्या भाषेत आज आपले रिपोर्ट येतात, तिचा मोठा भाग शवागारात तयार झाला आहे.

‘कन्सॉलिडेशन’ घ्या. निरोगी फुप्फुस पाण्यात टाकलं तर तरंगतं, कारण ते हवेने भरलेल्या स्पंजसारखं असतं. न्यूमोनियाने मेलेल्या माणसाचं फुप्फुस टेबलावर कापलं की तो भाग घट्ट, जड, लाल दिसे आणि पाण्यात बुडे. त्या काळच्या डॉक्टरांनी त्याला ‘यकृतासारखं झालेलं’ असा शब्द दिला. मटणाच्या दुकानात कलेजी पाहिली असेल तर त्यांना काय म्हणायचं होतं ते लगेच कळेल. कन्सॉलिडेशन म्हणजे हेच : घट्ट होणं, हवेच्या जागी दुसरं काहीतरी भरणं. ते दुसरं काहीतरी पू असेल, रक्त असेल, पाणी असेल, क्वचित कॅन्सरच्या पेशीही असतील. शब्द इतकंच सांगतो की हवा नाही. बहुतेक वेळा कारण न्यूमोनिया असतं, पण रिपोर्टमध्ये ‘कन्सॉलिडेशन’ आलं म्हणजे आजाराचं नाव आलं असं नाही.

लेनेकची अजून एक सवय मला वरचेवर आठवते. छातीत ऐकू येणाऱ्या खरखरीला त्याने फ्रेंचमध्ये ‘राल’ म्हटलं होतं. पण हाच शब्द लोकांच्या बोलण्यात मरणाऱ्या माणसाच्या घशातल्या घरघरीसाठी होता. खाटेशेजारी उभं राहून विद्यार्थ्यांना ‘इथे राल ऐका’ म्हटलं की पेशंटच्या काळजाचं पाणी व्हायचं. म्हणून लेनेकने पेशंटच्या समोर वापरायला एक लॅटिन शब्द काढला, ‘राँकस’. अर्थ तोच, पण पेशंटला कळणार नाही असा. आजही डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ‘राँकाय आहेत’ असं लिहितात, तो हाच शब्द. त्याचा जन्मच मुळी पेशंटपासून लपवण्यासाठी झाला. त्यात दयाही होती, हे मान्य करायला हवं.

लेनेक स्वतः १८२६ मध्ये क्षयाने गेला. त्याच्या पुतण्याने त्याच्याच स्टेथोस्कोपने त्याची छाती ऐकली होती. पुढे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, आजचा जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेचा. जंतू कळला, औषध कळलं नाही. पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जगातल्या कुठल्याही डॉक्टरला तेव्हा त्यांच्या छातीच्या आत बघता आलं नसतं. त्याला अजून आठ वर्षं होती.

८ नोव्हेंबर १८९५ ला वुर्ट्‌सबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला ते किरण दिसले. काय आहेत ते माहीत नव्हतं म्हणून त्याने गणितातल्यासारखं ‘एक्स’ म्हटलं. २२ डिसेंबरला बायकोच्या हाताचा फोटो काढला, हाडं आणि अंगठी. काही महिन्यांत जगभर हाडांचे फोटो निघू लागले. छातीला जरा जास्त वेळ लागला, कारण छाती हलते, हृदय हलतं, आणि फुप्फुसात तर मुख्यतः हवाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं. एक्स-रे म्हणजे सावली. हवेतून किरण आरपार जातात, तिथे फिल्म काळी. हाड किरण अडवतं, तिथे पांढरी. पाणी, रक्त, मांस यांची घनता जवळपास सारखी, ते करडं-पांढरं. फिल्मला पाणी आणि रक्त यांतला फरक कळत नाही. आणि नेमका इथेच भाषेचा घोळ सुरू झाला. सावली बघणाऱ्या डॉक्टरांकडे शब्द होते ते शवागारातले, प्रत्यक्ष कापून बघितलेल्या अवयवांचे. त्यांनी तेच सावल्यांना चिकटवले. टेबलावर ‘इन्फिल्ट्रेशन’ म्हणजे पेशींमध्ये काहीतरी झिरपलेलं डोळ्यांनी दिसत होतं. फिल्मवर नुसता धुरकट डाग दिसायचा, त्यालाही ‘इन्फिल्ट्रेट’ म्हणायला लागले. मग कुणी या शब्दाने न्यूमोनिया समजे, कुणी क्षय, कुणी नुसतंच ‘काहीतरी आहे’.

काही शब्द मात्र थेट स्वयंपाकघरातून आलेत, आणि ते मला सगळ्यात आवडतात. ‘मिलिअरी’ म्हणजे बाजरी-वरीसारख्या बारीक धान्याच्या दाण्याएवढं. १७०० मध्ये जिनिव्हाच्या मांजे नावाच्या डॉक्टरने क्षयाने गेलेल्या एका पेशंटच्या अवयवांत सगळीकडे असे दाणे विखुरलेले पाहून ही उपमा दिली. आज छातीच्या फिल्मवर दोन्ही बाजूंना बाजरी सांडल्यासारखी दिसली की ‘मिलिअरी शॅडोज’ लिहितात, आणि हा शब्द आला की डॉक्टर थांबत नाहीत, कारण क्षयाचे जंतू रक्तातून सगळीकडे पसरल्याची ती खूण असू शकते. ‘हायलम’ म्हणजे राजम्याच्या किंवा वालाच्या दाण्यावरची ती खूण, जिथे तो शेंगेला चिकटलेला असतो. फुप्फुसालाही तशी एक जागा आहे, जिथून श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ क्षुल्लक वस्तू, आणि ‘काहीच नाही’ या अर्थाचा ‘निहिल’ त्यातूनच आला असं मानतात. रिपोर्टमध्ये ‘हायला नॉर्मल’ वाचलं की मला वालाचं बिरडं आठवतं, त्याला इलाज नाही.

आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये हमखास भेटणारा आणखी एक माणूस म्हणजे अँटोन गोन. प्रागमध्ये काम करणारा हा पॅथॉलॉजिस्ट क्षयाने गेलेल्या मुलांची फुप्फुसं तपासत होता. क्षयाचा जंतू पहिल्यांदा शरीरात शिरतो तेव्हा फुप्फुसात एक छोटी जागा धरतो, आणि तिथून जवळच्या लिम्फच्या गाठी सुजतात, हे त्याने १९१२ मध्ये नीट मांडलं. बहुतेकांच्या शरीरात ही लढाई तिथेच संपते. जंतू कोंडला जातो, भोवती चुना जमतो, पांढरा ठिपका राहतो. ‘गोन फोकस’ किंवा ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ म्हणजे साधारण हेच : जुन्या, बऱ्याचदा लहानपणी जिंकलेल्या लढाईचा दगड. गोन स्वतः मात्र १९३६ मध्ये क्षयानेच गेला.

आणि कॉख? आपल्या डॉक्टरांनी त्याच्या नावाचं वेगळंच काही केलं. ‘टीबी’ हा शब्द पेशंटसमोर उच्चारायचा नाही म्हणून ते एकमेकांत ‘कॉक्स’ म्हणू लागले. ‘ओल्ड कॉक्स’, ‘कॉक्स वाटतोय’. फाइलवरही तसंच. लग्न ठरायच्या मुलीच्या फाइलवर टीबी लिहिलेलं कुणी वाचलं तर काय होईल, हे त्यांना माहीत होतं. आपल्या भाषेतही या आजाराचं नाव कधी साधं नव्हतं. राजयक्ष्मा. रोहिणीवरच जीव लावणाऱ्या चंद्राला सासऱ्याच्या, दक्षाच्या शापाने तो झाला आणि तो कलेकलेने झिजला, ही कथा. आजार म्हणजे कुणीतरी काहीतरी केल्याची शिक्षा, ही समजूत तिथपासूनची आहे, आणि म्हणून तोंड लपवणंही.

लपवण्याचं राजकारणही झालं. लॅरी कॉलिन्स आणि डॉमिनिक लापिएर यांच्या १९७५ च्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’मध्ये एक फिल्म आहे. मुंबईतल्या डॉ. जे. ए. एल. पटेल यांच्या दवाखान्यात बंद पाकिटात ठेवलेली, महंमद अली जीनांच्या छातीची. जीना क्षयाने फार दिवस जगणार नाहीत हे १९४६ मध्येच डॉक्टरांना कळलं होतं, असं पुस्तक सांगतं. हे कळलं असतं तर आपण फाळणीसाठी घाई केली नसती, असं माउंटबॅटन या लेखकांशी बोलताना म्हणाले. हे गुपित खरंच इतकं घट्ट होतं का, आणि कळून काय बदललं असतं, यावर इतिहासकार भांडतात. मला माउंटबॅटनचं म्हणणं पुष्कळसं सोयीचं वाटतं. पण एका सावलीच्या तुकड्याला उपखंडाचा नकाशा बदलण्याची ताकद होती असं लोकांना पटतं, हेच पुरेसं बोलकं आहे. जीना ११ सप्टेंबर १९४८ ला गेले.

दुसरी गोष्ट राजाची. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज खोकत होता. त्याची फुप्फुसं तपासणाऱ्यांत पीटर केर्ली नावाचा आयरिश रेडिओलॉजिस्ट होता. हे नाव तुम्हाला रिपोर्टमध्ये भेटू शकतं. हृदय कमकुवत झालं की फुप्फुसाच्या पडद्यांत पाणी साचतं आणि फिल्मच्या कडेला आडव्या बारीक रेघा उमटतात, त्या ‘केर्ली बी लाइन्स’. १९३३ मध्ये त्याने त्या वर्णन केल्या. त्या लिम्फच्या फुगलेल्या नळ्या आहेत असं त्याला वाटलं होतं, नंतर कळलं की ते पडदे आहेत. अर्थ चुकला, रेघा खऱ्या ठरल्या, नाव राहिलं. राजाच्या फुप्फुसात कॅन्सर होता. जनतेसाठी निघालेल्या पत्रकात लिहिलं गेलं की फुप्फुसात ‘संरचनात्मक बदल’ झाले आहेत. २३ सप्टेंबरला बकिंगहॅम पॅलेसमध्येच ऑपरेशन करून त्याचं डावं फुप्फुस काढलं. कॅन्सर हा शब्द जनतेला सांगितला नाही, आणि राजालाही नाही. ६ फेब्रुवारी १९५२ ला तो गेला. लेनेकचा ‘राँकस’ आणि हे ‘संरचनात्मक बदल’ यांच्यामध्ये सव्वाशेहून जास्त वर्षं आहेत.

याच सुमारास दुसऱ्या एका प्रश्नाने रेडिओलॉजिस्टांची झोप उडवली. क्षय शोधण्यासाठी लाखो लोकांच्या छातीचे एक्स-रे निघत होते. ब्राझीलच्या मॅन्युएल दि आब्रेवने १९३६ मध्ये छोट्या, स्वस्त फिल्मवर छातीचा फोटो घेण्याची युक्ती काढली होती. अमेरिकेत प्रश्न पडला की मोठी फिल्म बरी की छोटी. त्याच माणसांच्या वेगवेगळ्या आकारांच्या फिल्म्स पाच अनुभवी डॉक्टरांना वाचायला दिल्या. १९४७ मध्ये निष्कर्ष आला तो चमत्कारिक होता. फिल्मच्या आकाराने फारसा फरक पडत नव्हता, वाचणाऱ्याने पडत होता. एकाला जिथे क्षय दिसे तिथे दुसऱ्याला काही दिसत नसे. इतकंच नाही, तीच फिल्म काही दिवसांनी पुन्हा दाखवली तर तोच डॉक्टर स्वतःशीच असहमत होई. हेन्री गारलंड या रेडिओलॉजिस्टने पुढे हे लावून धरलं : आजार असलेल्या सुमारे तीस टक्के फिल्म्स वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. आपल्याच धंद्यातल्या लोकांना हे सांगायला हिंमत लागते.

त्यातून शहाणपणही आलं. स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चालतं का हे तपासणारी ब्रिटनमधली प्रसिद्ध चाचणी १९४८ मध्ये छापून आली. १०७ पेशंट, कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. फिल्म्स दोन रेडिओलॉजिस्ट आणि एक डॉक्टर यांनी वेगवेगळ्या वाचल्या, आणि कुठली फिल्म औषधवाल्याची हे त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. या चाचणीची आखणी करणारा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल पहिल्या महायुद्धात स्वतः क्षयाने आजारी पडून वाचलेला. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षय केंद्राने तीनच वर्षांत दाखवून दिलं की गरीब वस्तीत घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी मोकळ्या हवेत महिनोन्‌महिने काढण्याचा काळ तिथून ओसरू लागला.

भाषा सुधारायला मात्र वेळ लागला. सिनसिनाटीचे बेंजामिन फेल्सन यांनी १९५० मध्ये एक साधी गोष्ट नाव देऊन पक्की केली. फिल्मवर हृदयाची कड स्पष्ट दिसते, कारण हृदय पाण्यासारखं आणि शेजारचं फुप्फुस हवेचं. शेजारच्या खंडातली हवा गेली की दोघांचा रंग एक होतो आणि कड पुसली जाते. उजवी कड पुसली तर उजवा मधला खंड बिघडलाय. याला त्यांनी ‘सिलुएट साइन’ म्हटलं. हा सिलुएट म्हणजे १७५९ मध्ये जेमतेम आठ महिने फ्रान्सचा अर्थमंत्री असलेला माणूस, ज्याच्या काटकसरीची लोकांनी इतकी थट्टा केली की स्वस्तातल्या काळ्या सावलीचित्रांना त्याचं नाव पडलं.

१ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळ गॉडफ्री हाउन्सफील्डच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा सीटी निघाला. त्याची कंपनी ईएमआय, तीच, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी. बीटल्सच्या पैशावर सीटी झाला असं सांगतात, पण बराच पैसा ब्रिटिश सरकारचा होता. आता सावली नव्हे, काप दिसू लागले, आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा मिळाला : पाणी शून्य, हवा उणे हजार. नव्या चित्रांना नवी नावं हवी होती, आणि डॉक्टर पुन्हा घराकडे, बागेकडे, रस्त्याकडे वळले. मधाचं पोळं. वेड्यावाकड्या फरशा. १९९३ मध्ये दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी क्षयाच्या पेशंटच्या सीटीत बारीक श्वासनलिकांच्या टोकांना जमलेली घाण पाहिली, तिला म्हणतात ‘ट्री इन बड’, कळ्या धरलेलं झाड. इतक्या वाईट गोष्टीला इतकं सुंदर नाव.

आणि काच. ग्राउंड ग्लास म्हणजे घासलेली काच. आपण जिला दुधी काच म्हणतो, बाथरूमच्या खिडकीला असते ती. पलीकडचं धूसर दिसतं, पण दिसतं. सीटीत फुप्फुसाचा एखादा भाग धुरकट झालाय पण त्यातून रक्तवाहिन्यांच्या रेघा अजून दिसताहेत, तर ‘ग्राउंड ग्लास’. रेघाही बुडाल्या तर ‘कन्सॉलिडेशन’. हवेच्या पिशव्या अर्धवट भरल्यात की पूर्ण, एवढाच मुख्य फरक. काकांना हे तेव्हा कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर ती रात्र थोडी बरी गेली असती.

हे नेमके अर्थ ठरवणाऱ्यांत फ्लाइशनर सोसायटी पुढे आहे. व्हिएन्नातून अमेरिकेत गेलेल्या फेलिक्स फ्लाइशनर यांच्या नावाने १९६९ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, ती सुरू झाली. १९८४ पासून ती छातीच्या शब्दांची सूची काढते. २००८ च्या सूचीत ‘इन्फिल्ट्रेट’ वापरू नका असं सुचवलं, कारण प्रत्येकाला त्यातून वेगळं कळतं. त्याऐवजी ‘ओपॅसिटी’ म्हणा, म्हणजे नुसतं ‘इथे सावली आहे’. तीन सेंटिमीटरपर्यंतची गोल सावली ‘नोड्यूल’, त्याहून मोठी ‘मास’. नोड्यूल म्हणजे कॅन्सर नव्हे, ते आकाराचं नाव आहे. आधी काय दिसतं ते लिहा, मग काय असावं ते, असा हा सगळा खटाटोप. आपल्याकडे मात्र ‘प्रॉमिनंट ब्रॉन्कोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’ अजून सुखाने नांदतंय. फिल्म थोडी मऊ निघाली, पेशंटने श्वास पुरता घेतला नाही, सिगरेट ओढतो, सर्दी आहे, यांतलं काहीही असलं तरी ते लिहून मोकळं होता येतं. एकट्या या ओळीवर रात्रीची झोप घालवू नये, असं माझं मत आहे.

शब्दांनी नोकरीही जाते. आखाती देशांत जाणाऱ्यांना छातीचा एक्स-रे द्यावा लागतो, आणि जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाची खूण दिसली तरी ‘अनफिट’ शिक्का बसू शकतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांना या शिक्क्याचा अर्थ माहीत आहे. गोनच्या हिशेबाने जी जिंकलेली लढाई, ती व्हिसाच्या हिशेबाने हरलेली. दुसरीकडे हाच एक्स-रे क्षय शोधायला पुन्हा महत्त्वाचा झालाय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त रुग्ण फिल्म काढली नसती तर सुटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशी फिल्म वाचायला कॉम्प्युटर वापरायला हिरवा कंदील दिला. मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयचं सॉफ्टवेअर त्यांपैकी एक. मशीनही शेवटी एक आकडाच देतं.

आत्या बरी झाली. दोन वर्षांनी खोकल्यासाठी पुन्हा फिल्म काढली. रिपोर्टमध्ये : डावीकडे खाली काही ‘फायब्रोटिक स्ट्रँड्स’, बाकी ‘अनरिमार्केबल’, ‘क्लिनिकली कोरिलेट’. या वेळी ती ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतः डॉक्टरांकडे गेली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारत बसली. पहिला म्हणजे भरलेल्या जखमेचे व्रण. दुसरा म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. आणि तिसरा?

‘तो तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘फोटो बघणारा मला सांगतोय, की पेशंटला एकदा नीट तपास.’ मग त्यांनी स्टेथोस्कोप काढला आणि आत्याला मोठा श्वास घ्यायला सांगितलं.